गुणगुणीचा सूर : ध्वनियंत्रांच्या वीजपुरवठ्याची चिकित्सा

जुनी गाणी जमवणाऱ्या मंडळींच्या बैठकीत वादाला विषय शोधावा लागत नाही. सुई कोणती चांगली, टेप कोणत्या कंपनीची टिकली, व्हॉल्व्हचा आवाज गोड की ट्रान्झिस्टरचा स्वच्छ, यावर रात्र सरते. या साऱ्या चर्चेत एका डबीकडे मात्र कुणाचे लक्ष जात नसे. ती भिंतीच्या प्लगला लटकलेली असते किंवा यंत्राच्या पोटात एका कोपऱ्यात असते. आपल्याकडे पूर्वी तिला ‘एलिमिनेटर’ म्हणत, आता ‘अडॅप्टर’ म्हणतात. भिंतीतली वीज यंत्राला पचेल अशी करून देणे हे तिचे काम.

गेल्या काही वर्षांत या डबीवरूनही तट पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, संगीताला ‘लिनिअर’ पुरवठाच हवा, म्हणजे जड लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा, जुन्या पद्धतीचा. ‘स्विचिंग’ म्हणजे एसएमपीएस पुरवठा हा संगणकाचा, मोबाइलचा. तो गाण्यात कचरा मिसळतो. दुसरा पक्ष म्हणतो, हे जुन्याचे वेड आहे. दोन्हीकडे ठामपणा भरपूर असतो आणि मोजमाप बेताचे. दरम्यान दुकानदार दोघांनाही माल विकतो. दहा हजारांच्या यंत्राला पंधरा हजारांचा लिनिअर पुरवठा जोडण्याचा सल्ला मी स्वतः ऐकला आहे.

मी अभियंता नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर. सोल्डर धरायला शिकलो तो तपकीर गल्लीतून आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सुट्या भागांवर, आणि पुढचे पुस्तकांतून. गेली अनेक वर्षे लोकांच्या घरातल्या कॅसेट आणि स्पूल टेप संगणकावर उतरवून देण्याचे काम करतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी हौसेचा राहिलेला नाही. एखाद्या घरगुती मैफलीची टेप आज उतरवली आणि उद्या तिची पट्टी झडली, तर उतरवलेली प्रतच मूळ ठरते. त्या प्रतीत माझ्या यंत्राची गुणगुण शिरली असेल, तर ती कायमची त्या गाण्याचा भाग होते. म्हणून ही डबी उघडून पाहणे आवश्यक आहे.

भिंतीतली वीज आणि यंत्राची गरज

आपल्या घरात येणारी वीज 230 व्होल्टची आणि 50 हर्ट्झची. म्हणजे ती सेकंदाला 50 वेळा पूर्ण आवर्तन करते : शून्यापासून वर चढते, परत शून्यावर येते, उलट्या दिशेला तेवढीच जाते आणि पुन्हा शून्य. 230 हा आकडा एक प्रकारची सरासरी आहे. लाटेचा माथा 325 व्होल्टपर्यंत जातो. हा आकडा पुढे उपयोगी पडेल.

ध्वनियंत्राच्या आतल्या मंडलांना असली हेलकावणारी वीज चालत नाही. त्यांना 5, 12, 15 किंवा 40 व्होल्ट, पण एकाच दिशेची आणि स्थिर वीज लागते. स्थिरपणावर इतका भर का, हे समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. स्पीकरमधून आपण जे ऐकतो ती टेपवरून आलेली वीज नसतेच. टेपच्या हेडमधून येणारा संकेत एक मिलिव्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. त्याने स्पीकरचा पडदा हलायचा नाही. तो संकेत फक्त नळ कमी-जास्त उघडतो, आणि त्या नळातून स्पीकरकडे वाहते ती वीजपुरवठ्याची वीज. गवयाच्या तानेचा आकार घेऊन पुरवठाच आपल्यापर्यंत येत असतो. पाणी गढूळ असेल तर नळ कितीही चांगला असून काय उपयोग?

लिनिअर पुरवठा : टाकी आणि चावी

लिनिअर पुरवठ्याची रचना चार पायऱ्यांची आहे. आधी ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे, समजा, 15 व्होल्ट करतो. मग चार डायोडांचा पूल उलट्या दिशेची वीज सुलट करतो. त्यानंतर मोठा कपॅसिटर ती साठवतो. शेवटी रेग्युलेटर हवा तेवढाच दाब पुढे सोडतो. 7812 किंवा एलएम 317 या तीन पायांच्या चिप दुरुस्तीच्या दुकानात आजही सुट्या मिळतात. त्यांचे काम हेच.

इमारतीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणली की उरलेले सोपे होते. पंप सलग चालत नाही, ठरावीक वेळाने चालतो. मधल्या वेळात टाकीची पातळी उतरत जाते आणि पंप सुरू झाला की पुन्हा चढते. पुलातून सुलट झालेल्या विजेचे माथे सेकंदाला 100 येतात, म्हणजे हा पंप सेकंदाला 100 वेळा चालतो. दोन माथ्यांमध्ये एक शतांश सेकंद, आणि तेवढा वेळ यंत्र टाकीवर जगते. 10,000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि यंत्र 1 अँपिअर ओढत असेल, तर या वेळात पातळी सुमारे 1 व्होल्ट उतरते. कपॅसिटर दुप्पट केला की उतार निम्मा. ही वरखाली होणारी पातळी म्हणजे ‘रिपल’, आणि ती कानाला ऐकू येते ती 100 हर्ट्झची गुणगुण म्हणून. रेग्युलेटर ही चावी तो हेलकावा बहुतांशी दाबून टाकतो.

पण चावीला किंमत आहे. टाकीत 18 व्होल्ट असतील आणि यंत्राला 12 हवे असतील, तर वरचे 6 व्होल्ट रेग्युलेटर उष्णतेत घालवतो. 1 अँपिअरला 6 वॅट. म्हणजे तीन भाग विजेतला एक भाग नुसता पत्रा तापवण्यात जातो. शिवाय 50 हर्ट्झवर चालणारा ट्रान्सफॉर्मर मोठाच करावा लागतो. 500 व्होल्ट-अँपिअरचा गोल, म्हणजे टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर चार-पाच किलोचा भरतो. जुना अँप्लिफायर उचलताना कंबर धरते ती यामुळे.

लिनिअर पक्षाच्या बोलण्यात ‘शुद्ध’ हा शब्द वारंवार येतो, म्हणून इथेच सांगायला हवे. लिनिअर पुरवठ्यातही वीज संथ वाहत नाही. डायोड लाटेच्या अगदी माथ्याजवळच उघडतात आणि त्या क्षणभरात कपॅसिटर भरतात. भिंतीतून वीज ओढली जाते ती सेकंदाला 100 हिसक्यांनी. या हिसक्यांमुळे ट्रान्सफॉर्मरभोवती चुंबकीय क्षेत्र धडधडत राहते आणि आसपासच्या प्रत्येक नाजूक तारेत ते शिरू पाहते. लिनिअर पुरवठ्याचा खरा दोष हा आहे, आणि तो नेमका आपल्या ऐकण्याच्या पट्ट्यात पडतो.

गुणगुण कोणत्या सुरात असते?

विजेच्या गुणगुणीलाही सूर असतो, याकडे संगीताच्या रसिकांनीसुद्धा फारसे पाहिलेले नाही. हिशेब सोपा आहे.

पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला, तर तो सुमारे 138.6 हर्ट्झ. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69.3 वर. या खर्जाचा तीव्र मध्यम 98 च्या आसपास येतो आणि पंचम 104 च्या जवळ. वीजपुरवठ्याची 100 हर्ट्झची गुणगुण या दोहोंच्या मध्ये पडते, म्हणजे ना धड तीव्र मध्यम, ना पंचम. पंचमाच्या तंबोऱ्याखाली कोणी हा सूर सतत धरून बसले तर आपण त्याला मैफलीतून उठवू.

स्त्री गायिकेचा षड्ज काळी चार असेल तर प्रकार आणखी वेगळा. तो षड्ज 207.65 हर्ट्झ आणि त्याचा खर्ज 103.8. गुणगुणीचे 100 हर्ट्झ या खर्जाच्या अगदी शेजारी, थोडे खाली. दोन जवळचे सूर एकत्र वाजले की त्यांच्या फरकाइतके हेलकावे ऐकू येतात, हे तंबोरा जुळवणाऱ्याला सांगायला नको. इथे सेकंदाला जवळजवळ चार हेलकावे पडतात. तंबोरा न जुळल्यासारखा वाटतो, आणि दोष बिचाऱ्या तंबोरेवाल्यावर जातो.

संगणकावर ही गुणगुण गाळून टाकता येते, असे सहज म्हटले जाते. येते. पण गाळणीला तबल्याचा डग्गा आणि वीज यांतला फरक कळत नाही. 100 हर्ट्झच्या आजूबाजूला डग्ग्याची घुमक आहे, तंबोऱ्याचा खर्ज आहे. गुणगुणीबरोबर त्यांचाही लचका जातो. म्हणून शिरल्यावर काढण्यापेक्षा ती शिरू न देणे केव्हाही श्रेयस्कर.

स्विचिंग पुरवठा : लहान मापे, झपाट्याची फेरी

स्विचिंग पुरवठा उलट्या क्रमाने काम करतो. तो आधी 230 व्होल्ट तसेच सुलट करतो, म्हणून त्याच्या पहिल्या कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्ट साठतात. मग एक ट्रान्झिस्टर ही वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. लहान अडॅप्टरमध्ये हा वेग साधारण 60,000 ते 1,30,000 वेळा असतो. हे तुकडे फेराइटच्या चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरतात, पुन्हा सुलट होतात आणि साठवले जातात. बाहेर किती व्होल्ट आले याची खबर प्रकाशाच्या मार्गे, ऑप्टोकप्लर नावाच्या भागातून, मागे पोचते आणि त्यानुसार तुकडे लांब किंवा आखूड केले जातात.

ट्रान्सफॉर्मर इतका लहान कसा चालतो? मोठ्या पिंपाने तासाला एकदा पाणी आणा, नाहीतर तांब्याने क्षणाक्षणाला आणा. पोचणारे पाणी सारखेच. फेऱ्या हजारपट वाढल्या की भांडे लहान होते. आणि दाब चावीने मारण्याऐवजी तुकड्यांची लांबी बदलून सांभाळल्यामुळे उष्णतेत फार थोडे जाते.

कल्पना नवी नाही. 1930 च्या दशकातल्या मोटारीतल्या रेडिओत व्हॉल्व्हसाठी मोठा दाब लागे आणि बॅटरी लहान दाबाची. तिथे ‘व्हायब्रेटर’ नावाची थरथरणारी पट्टी बॅटरीची वीज तोडून-जोडून ट्रान्सफॉर्मरला देई. पुढे ट्रान्झिस्टर झपाट्याने उघडझाप करू लागले आणि पट्टीची गरज संपली. 1977 च्या ॲपल टू संगणकात रॉड होल्ट यांनी केलेला स्विचिंग पुरवठा होता. तो हलका होता आणि कमी तापे.

जड एलिमिनेटर बाजारातून गेले त्यामागे कायदाही आहे. यंत्र बंद असले तरी ट्रान्सफॉर्मर थोडी वीज खात राहतो. दोन वॅट धरले तरी वर्षाला साडेसतरा युनिट. युरोपीय संघाने 2009 च्या नियमाने रिकाम्या अडॅप्टरच्या खाण्यावर अर्ध्या वॅटची आणि पुढे लहान अडॅप्टरसाठी त्याहून कमी मर्यादा घातली. लोखंडी ट्रान्सफॉर्मरला ती पाळणे कठीण होते. म्हणजे ही निवड संगीतकारांनी केलेली नाही. जगाच्या वीजबिलाने केली.

न ऐकू येणारा आवाज ऐकू कसा येतो?

माणसाचा कान 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो, तोही तरुणपणी. मग एक लाख हर्ट्झच्या तोडजोडीने गाण्याचे काय बिघडणार? स्विचिंग पक्षाचा हा सर्वांत मोठा मुद्दा. तो अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा चार वाटांनी आत येतो.

पहिली वाट कमी भाराची. अडॅप्टर दोन अँपिअरचा आणि यंत्र त्यातले चाळीसावा हिस्साही घेत नसेल, तर बरेच अडॅप्टर वीज वाचवण्यासाठी थांबून थांबून चालतात. या थांबण्या-चालण्याची लय ऐकू येण्याच्या पट्ट्यात उतरते आणि किणकिण किंवा बारीक शीळ ऐकू येते. मोबाइलच्या चार्जरवर लहान प्रीअँप चालवला की असे होते ते यामुळे.

दुसरी वाट दोन अडॅप्टरांची. एक 1,00,000 वर तोडतो आहे आणि दुसरा 1,03,000 वर. दोन्ही कुठल्याशा ट्रान्झिस्टरमध्ये एकत्र आले तर 3,000 चा फरक ऐकू येतो. न जुळलेल्या दोन तंबोऱ्यांचाच हा नियम.

तिसरी वाट यंत्राच्या प्रतिकारशक्तीतून जाते. एनई 5532 ही ध्वनियंत्रांत सर्रास असणारी चिप पुरवठ्यातला डळमळीतपणा खालच्या वारंवारितांना सुमारे 100 डेसिबलने, म्हणजे एक लाखपटीने दाबते. पण वारंवारिता चढत जाते तशी ही शक्ती घटत जाते. लिनिअरची 100 हर्ट्झची लाट तिला सहज जुमानते, स्विचिंगची वरची लाट तितकीशी नाही.

चौथी वाट सर्वांच्या अनुभवातली. दोन पिनांच्या अडॅप्टरवर लॅपटॉप चालू असताना त्याच्या धातूच्या कडेवर हात फिरवला तर हलक्या मुंग्या येतात. स्विचिंग पुरवठ्यात रेडिओतला व्यत्यय कमी करण्यासाठी भिंतीकडची आणि यंत्राकडची बाजू एका छोट्या सुरक्षा-कपॅसिटरने जोडलेली असते. तो 2.2 नॅनोफॅरडचा असला तर त्यातून जास्तीत जास्त 0.16 मिलिअँपिअर झिरपतात. माणसाला धोका नाही. पण हीच गळती टेपडेकपासून संगणकापर्यंतच्या तारेच्या जाळीतून वाट काढू लागली, की एक मिलिव्होल्टच्या संकेताला ती भारी पडते. मध्यम लहरींवर आकाशवाणी ऐकणाऱ्यांनाही या पुरवठ्यांचा आणि एलईडी दिव्यांचा जाच होतो, कारण तोडजोडीच्या पटीतल्या लहरी थेट 531 ते 1602 किलोहर्ट्झच्या त्याच पट्ट्यात येऊन पडतात.

तरीही जात पाहून निकाल देता येत नाही. बेंचमार्क या अमेरिकन कंपनीचा एएचबी 2 हा अँप्लिफायर अत्यंत शांत यंत्रांत गणला जातो, आणि त्यात स्विचिंग पुरवठा आहे. कंपनीचे म्हणणे असे की पुरवठा नियंत्रित, झाकलेला आणि वरच्या वारंवारितेचा असला तर 50 हर्ट्झच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय दूषण मुळातच टळते. उलट ब्रिटनच्या नेम कंपनीने मोठ्या ट्रान्सफॉर्मरांवर नाव कमावले. दोन्ही रस्त्यांनी चांगले यंत्र होते. वाईटही दोन्ही रस्त्यांनी होते : सुकलेल्या कपॅसिटरचा लिनिअर घरघरतो, आणि गाळणीचे भाग वाचवून केलेला स्वस्त स्विचिंग किणकिणतो.

गुणगुण : एक साक्षीदार

टेप उतरवताना या प्रश्नाला निराळेच वळण मिळते, आणि मला या विषयात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

1925 पूर्वीच्या ध्वनिमुद्रिका कर्ण्यापुढे गाऊन, केवळ यांत्रिक रीतीने घेतल्या जात. त्यात वीज नव्हतीच. अशा तबकडीच्या प्रतीत गुणगुण ऐकू आली तर ती नंतरच्या कोणीतरी घातली आहे, हे निश्चित. नंतरच्या टेपांवर मात्र मूळ मैफलीच्या ठिकाणची गुणगुणही नोंदलेली असते. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरी झालेल्या बैठकीच्या टेपवर 60 हर्ट्झची गुणगुण असेल, कारण तिथली वीज 60 ची. तीच टेप पुण्यात उतरवली आणि प्रतीत 50 ची गुणगुण दिसली, तर ती उतरवणाऱ्या यंत्राची.

याहून पुढे जाता येते. टेपयंत्राचा वेग थोडा चुकलेला असणे ही नित्याची गोष्ट. वेग 3 टक्के जास्त असेल तर गाणे सुमारे अर्ध्या श्रुतिस्वराने, म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्टीतल्या एका पायरीच्या निम्म्याने, चढते. पण टेपवरची मूळ गुणगुणही त्याच प्रमाणात चढते आणि 50 ऐवजी 51.5 वर दिसते. गवई नेमका कोणत्या पट्टीत गात होता, हे ठरवायला ती साक्ष देते. न्यायवैद्यक क्षेत्रात याच तत्त्वावर ध्वनिफितींची तारीख आणि खरेपणा तपासतात. रुमेनियाच्या कॅटलिन ग्रिगोराश यांनी या पद्धतीचा पाया घातला.

आपल्याकडे या साक्षीला मर्यादा आहे. आज देशाचे वीजजाळे 49.90 ते 50.05 या पट्ट्यात राखायचा नियम आहे. पण पश्चिम विभागात 2002 च्या जुलैत नवी दरपद्धती येण्यापूर्वी वारंवारिता बरीच डगमगे. 48.5 ला खाली गेलेल्या जाळ्यात 3 टक्क्यांची तफावत मुळातच असते. म्हणून गुणगुणीची साक्ष एकटी घेऊ नये. साथीला हार्मोनियम असेल तर तिच्या पट्टीशी ताडून पाहावी. दोन साक्षीदार जुळले तर निर्णय करावा.

पण हे सारे करायचे तर उतरवणाऱ्या यंत्राने स्वतःची 50 हर्ट्झची गुणगुण त्यात मिसळता कामा नये. नाहीतर मूळ साक्ष पुसली जाते. आणि इथे तथाकथित ‘शुद्ध’ लिनिअर पुरवठा, तो हेडच्या जवळ असेल तर, स्विचिंगपेक्षा अधिक घातक ठरू शकतो. स्विचिंगचा दोष बहुतेक ऐकू येण्याच्या पट्ट्याबाहेर राहतो. लिनिअरचा दोष साक्षीदाराच्याच आवाजात बोलतो.

मग निवडावे काय?

पैसे खर्च करण्यापूर्वी एक बिनखर्ची कसोटी घ्यावी. यंत्र 12 व्होल्टवर चालणारे असेल तर ते योग्य फ्यूज घालून 12 व्होल्टच्या सीलबंद बॅटरीवर चालवावे, आणि लॅपटॉपही त्याच्या बॅटरीवर. गुणगुण गेली तर दोष पुरवठ्याचा. तशीच राहिली तर दोष तारांचा, जोडणीचा किंवा अर्थिंगचा. नवा पुरवठा आणून काही होणार नाही. ऑडॅसिटी या मोफत संगणकप्रणालीत शांततेचा तुकडा नोंदवून त्याचा आलेख पाहिला तर आणखी उलगडा होतो. 100 हर्ट्झचा काटा सर्वांत उंच असेल तर बहुधा कपॅसिटर सुकला आहे. 50 चा उंच असेल तर चुंबकीय शिरकाव किंवा दोन अर्थिंगांमधला फेरा. हजारांच्या घरात किणकिण असेल तर स्विचिंग पुरवठा.

दुसरी बिनखर्ची गोष्ट म्हणजे अंतर. ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र झपाट्याने विरते. अंतर दुप्पट केले की ते सुमारे एक अष्टमांश उरते. एलिमिनेटर टेपडेकपासून हातभर दूर नेला तर महागड्या पुरवठ्याचे काम होऊन जाते.

यापुढे यंत्रानुसार विचार करावा. रेकॉर्ड प्लेअरचा फोनो प्रीअँप सर्वांत हळवा. सुईचा संकेत पाच मिलिव्होल्टच्या आसपास, आणि तबकडीच्या ठरलेल्या नियमानुसार 50 हर्ट्झचा पट्टा मधल्या स्वरांच्या सातपट वाढवला जातो. गुणगुणही सातपट. इथे चांगला लिनिअर, पण लांब ठेवलेला, ही निवड मला योग्य वाटते. टेपडेकच्या बाहेरच्या प्रीअँपलाही हेच लागू. मोठ्या अँप्लिफायरच्या पोटातला पुरवठा बदलण्याच्या भानगडीत पडू नये. उत्पादकाने सारी रचना त्याच्याभोवती केलेली असते. डिजिटल यंत्रे, म्हणजे संगणकाचे ध्वनिसंकेत उलगडणारे डॅक, आतमध्ये बहुधा स्वतःचे रेग्युलेटर बाळगून असतात. तिथे नामवंत बनावटीचा स्विचिंग अडॅप्टर पुरतो. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा अडॅप्टर बिघडला तर तेवढ्याच व्होल्टचा आणि पिनेची अधिक-उणे बाजू जुळणारा आणावा. अँपिअर थोडे जास्त चालतात, व्होल्ट नाही. मधला मार्गही आहे : स्विचिंगने दोन-तीन व्होल्ट जास्त द्यायचे आणि पुढे लहान लिनिअर रेग्युलेटरने ते गाळून घ्यायचे. वजन वाचते, उष्णता कमी, आणि स्वच्छता बरीचशी मिळते.

काही गोष्टी मात्र करू नयेत. गुणगुण जाते म्हणून अर्थिंगची तिसरी पिन कापणारे लोक आहेत. ती पिन जिवासाठी आहे, गाण्यासाठी नव्हे. ट्रान्सफॉर्मर नसलेले जुने एसी-डीसी व्हॉल्व्ह रेडिओ घरात असतील, तर त्यांचा पत्रा थेट भिंतीच्या विजेशी जोडलेला असू शकतो. जाणकाराशिवाय ते उघडू नयेत. स्विचिंग अडॅप्टर प्लगमधून काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 325 व्होल्ट काही काळ राहू शकतात. आणि बीआयएसची नोंदणीखूण नसलेला अडॅप्टर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

लिनिअर की स्विचिंग, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात मागणाऱ्याला मी उलट विचारतो : तुमची गुणगुण कोणत्या सुरात आहे? तो सूर ओळखता आला तर उत्तर आपोआप येते. महाराष्ट्रात किती तरी घरांच्या माळ्यावर आजी-आजोबांच्या आवाजाच्या, गावच्या भजनाच्या, कुणा न नोंदल्या गेलेल्या गवयाच्या टेपा पडून आहेत. त्यांची पट्टी वर्षागणिक झडते आहे. त्या उतरवताना एक प्रत जशीच्या तशी, काहीही न गाळता, जपून ठेवावी. स्वच्छ केलेली दुसरी ऐकण्यासाठी करावी. उद्या कुणी अधिक जाणता अभ्यासक येईल आणि आपण कचरा समजून ठेवलेल्या त्या गुणगुणीतून गवयाचा खरा षड्ज शोधून काढील. त्याच्यासाठी आपल्या विजेचा आवाज त्यात घालू नये, एवढे आपल्या हातात आहे.